पाच-छप्पन्नची बदनामी

भारतीय लष्कराच्या रायफलींचा विषय मराठीत निघाला की एक वाक्य ठरल्यासारखं येतं: इन्सासची गोळी शत्रूला नुसती जखमी करते, सेव्हन-सिक्स-टू त्याला जागच्या जागी आडवा करते. (इन्सास म्हणजे आपल्या लष्कराची ५.५६ मिलिमीटरची रायफल, सेव्हन-सिक्स-टू म्हणजे ७.६२ मिलिमीटरची गोळी.) वाहिनीवरचे निवृत्त अधिकारी ते म्हणतात, वार्ताहर ते लिहून घेतो आणि भरतीची तयारी करणारा मुलगा ते तोंडपाठ करतो. २०१९ मध्ये लष्कराने सिग सावर या कंपनीकडून ७.६२×५१ काडतुसाच्या ७२,४०० रायफली मागवल्या. २०२१ च्या डिसेंबरात रशियाशी ७.६२ च्याच सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. तेव्हापासून तर या वाक्यावर सरकारी शिक्काच बसल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं, की त्या वाक्याचे दोन्ही अर्धे चुकीचे आहेत. इन्सासबद्दल तक्रारी जरूर कराव्यात, त्या करण्याजोग्या आहेतही. पण गोळीच्या जाडीवर खापर फोडून आपण भलताच आरोपी धरून आणला आहे.

‘आडवा करते’ हा भाग आधी घेऊ, कारण तो शाळेतल्या गणिताने निकालात निघतो. ७.६२×५१ ची गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते. वस्तुमान गुणिले वेग केलं की संवेग येतो जवळपास आठ. साहित्यासकट ऐंशी किलोच्या माणसाला ती लागली आणि अंगातच अडकून राहिली, तर त्याच्या शरीराला मिळणारा वेग होतो सेकंदाला दहा सेंटिमीटर. रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग याच्या दहापटीहून जास्त असतो. चार ग्रॅमच्या ५.५६ गोळीचा हाच हिशेब पाचेक सेंटिमीटरवर येतो. म्हणजे ज्या ‘धक्क्या’वरून एवढा वाद चालतो, त्यातला फरक सेकंदाला पाच सेंटिमीटरचा. शिवाय न्यूटनचा तिसरा नियम लष्कराला लागू नाही असं अजून कुणी म्हटलेलं नाही. गोळी समोरच्याला जेवढं ढकलते, त्याहून जास्तच बार काढणाऱ्याच्या खांद्याला बसतं, कारण नळीतून गोळीबरोबर दारूचा वायूही बाहेर पडतो. ७.६२ च्या एसएलआर रायफलीचा चाप ओढून जवान मागे उडत नसेल, तर समोरचाही उडणार नाही. पडद्यावरचा खलनायक काच फोडून मागे जातो तो त्याच्या कमरेला बांधलेल्या दोरीमुळे.

मग गोळी लागलेली माणसं कोसळतात कशी? मेंदूला किंवा मानेजवळच्या मज्जारज्जूला इजा झाली तर ताबडतोब, कारण पाय उभे ठेवणारी आज्ञाच बंद होते. मांडीचं किंवा कमरेचं हाड मोडलं तर माणूस उभा राहू शकत नाही, मात्र हातातलं शस्त्र चालवू शकतो. बाकी सगळीकडे प्रश्न रक्तस्रावाचा असतो, आणि रक्त वाहून जायला वेळ लागतो. अमेरिकेच्या एफबीआयने १९८९ मध्ये पिस्तुलांच्या गोळ्यांवर जे टिपण काढलं, त्यात एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे: हृदय पूर्ण निकामी झालं तरी मेंदूत दहा ते पंधरा सेकंद ठरवून हालचाल करण्याइतका प्राणवायू शिल्लक असतो. तेवढ्या वेळात अर्धं मॅगझिन रिकामं करता येतं. याउलट बोटाला ओझरती लागली तरी काही माणसं मटकन बसतात. ती भीतीने बसतात, आणि भीती ग्रॅममध्ये मोजता येत नाही.

आता ‘नुसती जखमी करते’ या भागाकडे. त्याच्यामागे एक सुबक गोष्ट सांगितली जाते. मेलेला सैनिक एकच कमी होतो, पण जखमी झालेल्याला उचलायला आणखी दोघे लागतात, म्हणून ५.५६ मुद्दाम कमजोर बनवली म्हणे. ती ऐकताना मेंदूला गुदगुल्या होतात, एवढाच तिचा गुण. प्रत्यक्ष जन्मकथा वेगळी आहे. १९५२ मध्ये अमेरिकी लष्करासाठी दोन अभ्यास झाले, एक डोनाल्ड हॉल यांचा आणि दुसरा नॉर्मन हिचमन यांचा. पायदळाची परिणामकारक गोळीबारी बहुतेक तीनशे यार्डांच्या आतच होते आणि लढाईच्या धांदलीत नेम वाईट पडतो, असं त्यांतून निघालं. मग हजार यार्ड जाणारं जड काडतूस वागवण्यापेक्षा हलकं, सपाट जाणारं, कमी धक्क्याचं काडतूस का नको, असा विचार पुढे आला. १९५७ मध्ये लष्कराने मागणी नोंदवली ती अशी: गोळी .२२ व्यासाची हवी, पाचशे यार्डांवर पोलादी शिरस्त्राण भेदणारी हवी. शत्रूला अर्धमेला ठेवून त्याच्या सोबत्यांना कामाला लावणारी गोळी कुणी मागितली नव्हती. ७.६२×५१ चं एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचं आणि ५.५६ चं बारा. खरी वकिली या आकड्याने केली: तेवढ्याच ओझ्यात दुप्पट फैरी.

आणि काश्मीरच्या एखाद्या घरात दार लाथेने उघडून आत शिरणाऱ्या जवानाला सांगून पाहा, की आतला अतिरेकी फक्त जखमी व्हावा आणि त्याचे दोन सोबती त्याला स्ट्रेचरवरून नेण्यात गुंतावेत अशी आमची योजना आहे.

या गोष्टीचा खरा पराभव मात्र इतिहासाने केला आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९६२ मध्ये अमेरिकेने दक्षिण व्हिएतनाममध्ये ५.५६ च्या हजारभर एआर-१५ रायफली चाचणीसाठी पाठवल्या. तिथून जे अहवाल आले त्यांत जखमांची वर्णनं इतकी भीषण होती, की पुढे या गोळीवर आरोप झाला तो क्रौर्याचा. स्वीडनने तो लावून धरला. रेडक्रॉसच्या पुढाकाराने १९७४ मध्ये लुझर्नला आणि १९७६ मध्ये लुगानोला सरकारी तज्ज्ञ जमले. छोट्या व्यासाच्या वेगवान गोळ्यांवर बंदी घालावी का, हा तिथला एक विषय होता. १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने ठराव करून सरकारांना सांगितलं, की अशी शस्त्रं विकसित करताना अत्यंत काळजी घ्या. तीच गोळी, तोच व्यास. सत्तरच्या दशकात ती अमानुष, आणि आपल्या वाहिन्यांवर ती मच्छर मारायच्या लायकीची!

त्याही मागे, वायव्य सरहद्दीवरच्या चित्रळपर्यंत गेलं तर आजच्या सेव्हन-सिक्स-टू भक्तांची मोठी पंचाईत होते. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश फौजेकडे नवी ली-मेटफर्ड रायफल होती. तिची .३०३ गोळी ७.७ मिलिमीटरची, म्हणजे आज ज्या जाडीचं कौतुक होतं जवळपास तीच. तिच्याआधीच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी शिशाची, ३१ ग्रॅमची आणि अकरा मिलिमीटरहून जाड होती. मोहिमेतून तक्रार आली, की ही नवी बारीक गोळी पठाणांच्या आरपार जाते आणि ते धावत येतच राहतात. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ७.७ हीच ‘नुसती जखमी करणारी’ किरकोळ गोळी होती. गंमत म्हणजे नळीच्या तोंडाशी मार्टिनीच्या गोळीची ऊर्जा आणि ली-मेटफर्डच्या गोळीची ऊर्जा जवळपास सारखीच भरते, दोन्ही अडीच हजार ज्यूलच्या आसपास. फरक ऊर्जेत नव्हताच. मऊ शिसं शरीरात चेपून पसरत होतं, आणि निकेल मिश्रधातूच्या कडक आवरणातली नवी गोळी आपला आकार न सोडता पलीकडे निघून जात होती.

आजच्या कोलकाता विमानतळाशेजारी दमदम आहे. तिथल्या शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी यावर तोड काढली. गोळीच्या टोकावरचं आवरण थोडं उघडं ठेवलं, म्हणजे शिसं आत शिरताच फुलेल. जगाच्या कायद्यात गेलेली ही बहुधा एकमेव बंगाली वस्ती. १८९७-९८ च्या, त्याच सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत या गोळ्या वापरल्या गेल्या, आणि २९ जुलै १८९९ रोजी हेगच्या परिषदेतल्या जाहीरनाम्याने शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. त्या परिषदेत ब्रिटनच्या सर जॉन अर्डा यांनी केलेला बचाव वाचण्यासारखा आहे. सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की थांबतो आणि मागे जातो, ‘रानटी’ माणूस मात्र येतच राहतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी लागते, असा त्याचा मथितार्थ. ‘स्टॉपिंग पॉवर’, म्हणजे माणसाला जागीच थांबवण्याची ताकद, या कल्पनेचं हे मूळ मला तरी फार बोलकं वाटतं. चढावरून येणाऱ्या माणसाला गोळी लागली, तरी तो का पडत नाही याचं उत्तर शरीरशास्त्रात शोधायचं सोडून त्याच्या वंशात शोधलं गेलं. दुसरं उत्तर तर कुणी उच्चारतही नव्हतं: बहुतेक गोळ्या त्याला लागल्याच नसतील.

ब्रिटनने अखेर १९०७ मध्ये बंदी मान्य केली. पण १९१० मध्ये .३०३ गोळीचा मार्क ७ हा नवा प्रकार आला, आणि त्याचं टोक आतून अ‍ॅल्युमिनियमने भरलेलं होतं. बाहेरून आवरण पूर्ण, कायदा शाबूत. टोक हलकं झाल्यामुळे गोळीचं वजन बुडाकडे सरकलं आणि ती शरीरात शिरली की उलटू लागली. व्यास तोच राहिला. गोळी आधीपेक्षा हलकी झाली, जवळपास चौदा ग्रॅमवरून सव्वाअकरा. आणि तक्रारी थांबल्या.

इथे या वादाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो. टोकदार गोळीचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं. हवेत ती सरळ जाते ती नळीच्या आट्यांनी दिलेल्या फिरकीमुळे, भोवरा उभा राहतो तशी. मांस हवेपेक्षा शेकडो पटींनी दाट. त्यात शिरल्यावर ती फिरकी पुरी पडत नाही. गोळी आडवी होऊ लागते आणि शेवटी बुडाकडून पुढे जाऊ पाहते. (ती हवेतच गटांगळ्या खात येते, ही आणखी एक लोणकढी. तशी आली असती तर शंभर मीटरवरचं निशाणही चुकलं असतं.) आडवी झाली की तिच्यावर प्रचंड जोर येतो, आणि आवरण पातळ असेल, वेग पुरेसा असेल, तर ती मध्यावर मोडते. तिचे तुकडे आजूबाजूचं मांस चिरत जातात, आणि त्याच वेळी ताणलं गेलेलं मांस त्या चिरांवर फाटतं. भीषण जखम होते ती अशी. ती होणार की नाही हे चार गोष्टींवर ठरतं: किती खोलीवर गोळी आडवी होते, तिचं आवरण आणि गाभा कशाचा, लागताना वेग किती, आणि लागली कुठे. व्यासाचा नंबर या यादीत फार खाली लागतो.

हे पद्धतशीर मांडलं डॉ. मार्टिन फॅकलर यांनी. व्हिएतनाम युद्धात दा नांगच्या नौदल रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या होत्या. ऐंशीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या लष्करी संशोधन संस्थेत त्यांनी जखमांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा चालवली. दहा टक्के जिलेटिनच्या चार अंश सेल्सिअसला ठेवलेल्या ठोकळ्यात ते गोळ्या झाडत, आणि मिळालेलं चित्र प्रत्यक्ष शरीरातल्या जखमांशी ताडून पाहत. त्यांच्या नोंदींतलं एकच उदाहरण आपल्या वादाला पुरेसं आहे. अमेरिकी बनावटीची ७.६२×५१ ची गोळी पंधराएक सेंटिमीटर सरळ जाते, मग उलटते, आणि सहसा मोडत नाही. त्याच मापाची, त्याच काडतुसातली पश्चिम जर्मन गोळी आठ सेंटिमीटरवरच आडवी होते आणि मोडून विखुरते, कारण तिचं आवरण पातळ होतं. पेटीवर तेच नाव, नळीत तोच व्यास. एका गोळीची जखम पुष्कळदा अरुंद, दुसरीची भयंकर. ‘सेव्हन-सिक्स-टूची ताकद’ म्हणजे यातली नेमकी कुठली, हे कौतुक करणाऱ्यांनी सांगावं.

३,३०० विरुद्ध १,७०० ज्यूल असा हिशेब मांडणाऱ्यांनाही इथेच उत्तर मिळतं. आरपार गेलेली गोळी उरलेली ऊर्जा पलीकडच्या मातीत नेऊन ओतते. आणि स्नायू लवचीक असतात. ते ताणून परत जागेवर येतात. यकृत येत नाही, मेंदू येत नाही. ज्यूलचा आकडा कुठल्या अवयवात खर्च झाला हे कळल्याशिवाय त्याचा काहीही उपयोग नाही.

एकेबद्दल तर बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे तिची भक्ती धर्मासारखी पसरली आहे. ७.६२×३९ ची मूळ सोव्हिएत गोळी आठ ग्रॅमची, पोलादी गाभ्याची आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी आवरणाची. फॅकलर यांच्या नोंदीनुसार ती सुमारे २६ सेंटिमीटर सरळ जाते. माणसाची छाती पुढून मागे मोजा. बहुतेक वेळा ती आडवी होण्याआधीच बाहेर पडलेली असते. हाडाला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला लागली नाही तर अशी जखम पिस्तुलाच्या जखमेच्या वळणाने जाते. याच काडतुसाची युगोस्लाव्ह गोळी शिशाच्या गाभ्याची होती आणि ती नऊएक सेंटिमीटरवर उलटे. पुन्हा तेच: काडतूस एक, गोळ्या दोन. आणि ज्यांनी हे काडतूस जन्माला घातलं त्या सोव्हिएत लष्करानेच १९७४ मध्ये ते मुख्य रायफलीतून काढून ५.४५ मिलिमीटरचं घेतलं. अफगाण मुजाहिदीन त्या बारीक गोळीला विषारी म्हणत. चीननेही पुढे ५.८ ची वाट धरली. जर्मनीने ७.६२ ची जी-३ सोडून नव्वदच्या दशकात ५.५६ ची जी-३६ घेतली. एवढी सैन्यं एकाच वेळी वेडी झाली असं मानायचं का?

‘पण प्रत्यक्ष लढलेल्यांच्या तक्रारी आहेत ना,’ असं यावर हमखास म्हटलं जातं. आहेत. १९९३ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत लढलेल्या अमेरिकी सैनिकांनी हिरव्या टोकाच्या ५.५६ गोळीबद्दल कडवट तक्रार केली, आणि ती बिनबुडाची नव्हती. लांब नळीतून ही गोळी साधारण दीडशे मीटरपर्यंत मोडण्याइतका वेग राखते. नळी आखूड केली की हे अंतर झपाट्याने घटतं, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांकडे आखूड नळ्या होत्या. म्हणजे नळीची लांबी आणि गोळीची रचना यांचं जुळत नव्हतं. त्यातून पुढे गोळीचीच रचना बदलली गेली, २०१० मध्ये नवी गोळी आली, आणि व्यास ५.५६ च राहिला. इराक-अफगाणिस्तानातल्या तक्रारींनंतर अमेरिकी लष्कराने केलेल्या तपासणीतही हेच निघालं, की जवळच्या लढाईत उपलब्ध काडतुसांमध्ये निर्णायक फरक नाही. उलट एकाच जातीची गोळी दोन वेगळ्या रायफलींतून, लागताना किंचित वेगळ्या कोनात असली, तर दोन वेगळ्या जखमा करते.

शिवाय तक्रारींचा स्वभावच एकतर्फी असतो. गोळी लागली आणि शत्रू पडला, तर त्यावर कुणी अहवाल लिहीत नाही. पडला नाही तर जन्मभर लक्षात राहतो. आणि धडधडत्या छातीने झाडलेली गोळी खरंच लागली होती का, हे ठरवायला तिथे पंच नसतो. ग्रेनेडियर योगेंद्र सिंह यादव यांचं उदाहरण आपल्या घरचं आहे. १९९९ च्या जुलैत, कारगिल युद्धात, टायगर हिलवर मांडीच्या सांध्यात आणि खांद्यात तीन गोळ्या लागल्यावरही ते दोराने वर चढले आणि त्यांनी बंकर उद्ध्वस्त केला. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात हे नोंदलेलं आहे. पाकिस्तानी पायदळाची जी-३ रायफल, एमजी-३ मशिनगन, चिनी टाइप-५६, सगळी ७.६२ चीच. त्या रात्रीनंतर पाकिस्तानात कुणी ७.६२ ला कुचकामी ठरवलं असेल, तर निदान त्यांचं तर्कशास्त्र आपल्या वाहिन्यांइतकंच सुसंगत होतं म्हणायचं.

याचा अर्थ ७.६२×५१ घेणं चूकच, असा नाही. पाचशे मीटरपलीकडे, एका डोंगरधारेवरून दुसऱ्या धारेवर मारा करायचा असेल तर जड गोळी वेग आणि दिशा जास्त राखते. दगडी भिंत, झाडाचं खोड, मोटारीचं दार भेदायला ती सरस आहे. नियंत्रण रेषेवर ही खरी गरज आहे, आणि लष्कराने ती त्या शब्दांत मांडली तर मी मुकाट्याने मान्य करीन. अमेरिकेने २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची रायफल निवडली तीही चिलखत आणि अंतर यांच्या हिशेबाने. तिची किंमतही उघड आहे: ५.५६ च्या एम-४ बरोबर जवान २१० काडतुसं बाळगत असे, नव्या रायफलीबरोबर १४०. भेदकता, पल्ला, वजन यांवर बोला. ‘आडवा करते’ यात यातलं काहीच येत नाही.

आणि इन्सासचं काय बिघडलं होतं? पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेत जन्मलेल्या या रायफलीची पारदर्शक प्लॅस्टिकची मॅगझिन कारगिलच्या थंडीत तडकली. तीन गोळ्यांचा मारा अडकतो, तेल उडून डोळ्यांत येतं, या तक्रारी जवानांनी केल्या. २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोटमधल्या हल्ल्यानंतर तिथल्या सैन्याने रायफल तापून बंद पडल्याचं सांगितलं. यातली एकही तक्रार गोळीच्या व्यासाची नाही. ती प्लॅस्टिकची, घडणीची, तपासणीची आहे, आणि या गोष्टींना जबाबदार माणसं असतात. व्यासाला नसतात. ‘गोळीच कमजोर’ म्हटलं की सगळेच सुटतात. रचना करणारे सुटतात, कारखाना सुटतो, स्वीकारणारी समिती सुटते, आणि वर्षाला किती फैरी सरावासाठी मिळतात हा प्रश्नही मागे पडतो.

आता अमेठीजवळ कोरव्यात एके-२०३ तयार होऊ लागल्या आहेत. त्यांच्या नेमावर, दुर्बिणी बसवायच्या पट्टीवर, स्वदेशी सुट्या भागांच्या टक्केवारीवर रकानेच्या रकाने लिहून झाले. त्यांच्यात भरायची गोळी पोलादी गाभ्याची असेल की शिशाच्या, ती किती सेंटिमीटरवर आडवी होईल, जिलेटिनमध्ये कुणी ती झाडून पाहिली का आणि त्याची चित्रं कुठे आहेत, हे विचारणारा एक रकानाही माझ्या वाचनात नाही. खडकीचा आणि वरणगावचा दारूगोळा कारखाना दोन्ही आपल्याच राज्यात आहेत, आणि ज्या म्युनिशन्स इंडियाखाली ते येतात तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. हे विचारायला मराठी पत्रकाराला दिल्लीलाही जावं लागणार नाही.